दोन फळ्यांचा वर्ग

होक्काइदोतल्या ज्या गावशाळेत माझी मुलगी जाते, तिथे सगळी मिळून 14 मुलं आहेत. तिसरी-चौथी एका खोलीत, बाई एकच. फळे मात्र दोन, एक पुढे आणि एक मागे. तिसरीला नवं गणित समजावून बाई मागच्या फळ्याकडे वळल्या, की तिसरीतलंच एक पोर उठून पुढचा तास चालवतं. बाईंच्या या येरझारीला इथे ‘वातारी’ म्हणतात. ती शिकवायची एक पद्धतच आहे, आणि शिक्षकांना ती शिकवली जाते.

महाराष्ट्रात 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढे आला. तोरणमाळ आणि पानशेत इथल्या अशा शाळांचे दाखले दिले गेले. तेव्हापासून दोनच बाजू ऐकू येतात: बंद करा, बंद करू नका. मुलांना सवंगडी हवेत, खेळायला संघ हवा, हे म्हणणं मला पटतं. माझ्या मुलीच्या इयत्तेत ती धरून दोघंच आहेत. जपानही दरवर्षी शेकड्यांनी शाळा बंद करतो, मी उगाच स्वर्ग रंगवत नाही. पण आमच्याकडे गाडी शाळेच्या वेळेला दारात येते, बर्फ असो नसो. सातपुड्यात पावसाळ्यात नाला भरला की पाड्यावरची सहा वर्षांची पोर कुठे आणि कशी जाणार? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतलं पहिली ते पाचवीसाठीचं एक किलोमीटर अंतर काय उगाच ठरवलेलं नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपण लहान शाळेला मोठ्या शाळेची बारकी, आजारी आवृत्ती समजतो. जपानने 1954 साली दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. गाव जितकं आडवळणी तितका भत्ता जास्त, पगाराच्या 25 टक्क्यांपर्यंत. शिक्षकांसाठी घरं आणि प्रशिक्षणही त्यातच. आपल्याकडेही आदिवासी भागातल्या शिक्षकांना एक पायरी वरचा पगार देणारी एकस्तर वेतनश्रेणी आहे, बदल्यांसाठी ‘अवघड क्षेत्र’ ठरलेलं आहे. पण अवघड क्षेत्र हा शब्दच शिक्षकाला सांगतो, की इथून सुटायचं आहे.

माझे बाबा सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. शाळा द्विशिक्षकी, पण दुसरे गुरुजी बहुधा कागदावरच. चार इयत्ता एकटे सांभाळायचे. डीएडला शिकवलं होतं ते एकाच इयत्तेचा वर्ग घ्यायला. पोरं घरी पावरी, म्हणजे तिथली आदिवासी बोली बोलायची, पुस्तक पुणेरी मराठीत. पावरी ते पोरांकडूनच शिकले, आणि मग पहिली चालू लागली. याचं श्रेय कुठल्याही प्रशिक्षणाला जात नाही.

“तिकडे बसून बोलायला काय जातं?” असं कुणी म्हणेल, आणि ते खरंही आहे. म्हणून मागच्या आठवड्यात दोन फळ्यांचा फोटो मी बाबांनाच पाठवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला असावा, कारण फोन रात्री आला.

“वर्ग छान आहे गं. पण या बाईंच्या खिचडीचा हिशोब कोण लिहितं?”