वारा, कुत्रा आणि तिसरा हात

हिवाळ्यात स्कॉटलंडच्या स्काय बेटावर कुत्र्याला घेऊन डोंगर चढायचा, तर माणसाला दोन हात पुरत नाहीत. एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्यात काठी, आणि टोपी धरायला तिसरा. दोन-दोन काठ्या घेऊन निघणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांच्याबरोबर कुत्रा नसतो, किंवा असला तरी थोड्या वेळाने नसतो.

उदाहरणाला बेन टियानावेग हा तिथला डोंगर घेऊ. पोर्ट्री गावाच्या आग्नेयेला, थेट समुद्रातून उठलेला, उंची ४१३ मीटर. हा आकडा ऐकून सह्याद्रीत वाढलेला माणूस हसतो. हसू द्यावं. डिसेंबरअखेर इथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत कामावरून सुटतो. वरच्या अंगाला आडोसा द्यायला एक झाड नाही. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. धारेवरची वाट उत्तरेला चढते आणि उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, ढासळलेले कडे थेट समुद्राकडे उतरतात. म्हणजे वारा तुम्हाला पाठीमागून ढकलतो आणि ढकलता ढकलता कड्याकडे सरकवतो. म्हणून धारेपासून डावीकडे, चांगलं दहा-पंधरा पावलं आत राहून चालायचं. रासे बेटाचं दृश्य तिथूनही दिसतं. थोडं कमी दिसतं, पण पुन्हा बघायला माणूस शिल्लक राहतो.

पाठीवर वारा असला की चढताना आपण तिशीत परतल्यासारखं वाटतं. फसवणूक आहे ती. उतरताना तोच वारा तोंडावर येणार असतो, तेही उजेड संपत आल्यावर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ३० मैलांचा वारा नुसता खट्याळ असतो. ६० मैलांचा झोत माणसाला सरळ आडवा करतो. माझा हिशेब सोपा: हवामानाच्या अंदाजात माथ्यावर ४० मैल लिहिलं असेल तर खालच्या खाडीवर फिरायचं, आणि 'आज डोंगरावर कुत्र्याचा मूड नव्हता' असं सांगायचं. शून्य अंशाला ताशी ५० किलोमीटरचा वारा अंगाला उणे ८ सारखा लागतो, आणि हे गणित कोरड्या कातडीचं आहे. स्कायमध्ये कोरडी कातडी ही चैन आहे.

कुत्र्याला यातलं काही जाचत नाही. चार पाय, आणि उंची दोन फुटांच्या आत. जमिनीलगत वारा मुळातच मंद असतो. त्याला फक्त वास हवे असतात. इथे खरी गोची आहे. वास वाऱ्याबरोबर येतो, म्हणून कुत्रा वाऱ्याला तोंड देऊन धावतो. आणि तुमची हाक नेमकी त्याच बाजूला पोचत नाही. मराठीत 'इकडे ये' म्हणा, इंग्रजीत ओरडा, किंवा स्थानिकांचा मान राखून गेलिकमध्ये 'हिग अन् शो' म्हणा, तिन्ही भाषांकडे तो सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष करतो. शिट्टीचा तीक्ष्ण सूर हाकेपेक्षा लांब जातो, ती गळ्यात ठेवावी.

पण मेंढ्या दिसोत न दिसोत, पट्टा लावलेलाच बरा. हिवाळ्यात इथल्या मेंढ्या गाभण असतात, नुसत्या पाठलागानेही गाभ पडतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने डोंगरावर कुणालाही फिरता येतं, मात्र कुत्रा ताब्यात हवा. २०२१ च्या कायद्यानुसार त्याने मेंढ्यांना त्रास दिला तर ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि हे सगळं मालकाला. कुत्र्याला जन्मठेप नाही, बिस्किट मिळतं. पट्टा दोन मीटरचा, साधा, जाड. आपोआप गुंडाळला जाणारा बारीक दोरीचा पट्टा वाऱ्यात कमान करतो आणि आधी तुमच्या पायांना वेढा घालतो. कमरेला पट्टा बांधून ओल्या गवतावरून उतरण्याचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. गळपट्ट्यापेक्षा छातीभोवती बांधायचा, पाठीवर मूठ असलेला हार्नेस चांगला: कुंपणावरच्या पायऱ्यांवरून कुत्र्याला उचलून पलीकडे टाकावं लागतं, आणि पंचवीस किलोंचा ओला लॅब्रॅडॉर स्वतःहून काही करत नाही.

आता वाऱ्यात करायच्या कामांबद्दल. एकच नियम: जे काही उघडायचं, बंद करायचं, घालायचं, काढायचं, ते धारेवर पोचण्याआधी, आडोशाला. नकाशा हव्या त्या घडीत दुमडून खिशात; गळ्यात लटकवलेलं नकाशाचं प्लास्टिक पाकीट वाऱ्यात थोबाडीत मारतं. जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत, तिची दोरी आत, नाहीतर तीही मारते. टोपी म्हणाल तर आपल्या घरच्या माकडटोपीला तोड नाही. तिची थट्टा करणारे लोक धारेवर कान शोधत फिरतात. सॅकवरचं पावसाळी कव्हर घालूच नये, वारा पहिला घास त्याचाच घेतो. त्याऐवजी आतल्या सगळ्या सामानाला एक जाड प्लास्टिकची पिशवी. हातमोज्यांना मनगटात अडकवायची दोरी हवी आणि एक सुकी जोडी जास्तीची. फोन आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरी बघता बघता बसते.

कुत्र्याने नेमकं धारेवरच आपलं नैसर्गिक कार्य केलं तर (आणि तो तिथेच करतो) वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसायचं, पिशवी हातावर आधीच उलटी चढवून ठेवायची, मगच वाकायचं. उघडी पिशवी वाऱ्याकडे तोंड करून धरणाऱ्याचं पुढे काय होतं, ते मी लिहीत नाही. उचलणं मात्र टाळायचं नाही: कुत्र्याच्या विष्ठेतून गाईंना आणि मेंढ्यांना रोग होतात.

खाण्यासाठी सँडविच नकोच. वरचा पाव रासेला जातो. थालीपिठाची गुंडाळी वाऱ्याला दाद देत नाही, पण त्यात कांदा असतो आणि कांदा कुत्र्याला विषारी, तेव्हा त्या डोळ्यांकडे पाहून विरघळू नका. त्याच्यासाठी त्याचं खाणं वेगळं. चहा ओतताना कप अर्धाच भरा आणि थर्मासच्या तोंडाला टेकवून धरा, नाहीतर चहा आडवा जातो.

कुत्रा थरथरू लागला, शेपूट आत घेतली, पाय उचलून उभा राहिला, तर माथा कितीही जवळ असो, परत फिरा. बर्फ असेल तर बोटांमधल्या केसांत गोळे होतात. केस आधीच कापून पंजांना व्हॅसलीन लावावं.

गाडी उभी करतानाच तिचं नाक वाऱ्याकडे ठेवा. उलटं ठेवलं की दार उघडताच वारा ते बिजागऱ्यांसकट मागतो, शिवाय मागची डिकी आडोशाला असली की टॉवेल हातात टिकतो. पुसायचं पोटापासून, बर्फाचं पाणी तिथेच साचतं. तरीही कुत्रा अंग झटकतो ते आतच, सगळी दारं बंद झाल्यावर. मग काचांवर दाट वाफ. एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावा, काचेकडे झोत, आणि ती साफ होईपर्यंत गाडी हलवू नका. त्या वेळात माकडटोपी काढायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मी काढत नाही.