टायला काडी लावण्यापूर्वी

साताऱ्याच्या शनिवार पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या आठवड्यात आजोबांच्या टायच्या मागच्या टोकाला पेटती काडी लावली, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘जुना टाय घरच्या घरी ओळखा’ या संदेशात तसे करायला सांगितले होते. जळताना कागदासारखा वास आला, संदेशानुसार टाय नकली ठरला आणि जुन्या कपड्यांच्या बोचक्यात गेला. आजोबांनी तो 1947 साली अमेरिकेत शिकत असताना विकत घेतला होता.

संदेश म्हणतो की 1940 च्या दशकातला अस्सल टाय रेशमाचाच असतो आणि जळताना केसांसारखा वास आला नाही, तर तो नंतरचा समजावा. रेशमाचा वास तसा येतो, एवढेच यात खरे आहे. जपानमधून अमेरिकेत येणारे रेशीम 1941 मध्ये थांबले, उरलेला साठा युद्धाच्या कामासाठी राखला गेला आणि आधीपासून वापरात असलेल्या रेयॉनवरच टायचा धंदा मुख्यतः चालला. रेयॉन हे लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून बनते, त्यामुळे ते कागदासारखेच जळते. म्हणजे ज्या वासामुळे आत्याने टाय टाकून दिला, तो वास त्याच्या वयाशी पूर्णपणे जुळणारा होता! धागा तपासायचाच असेल, तर आतल्या शिवणीतला एखादा तंतू चिमट्याने काढून वेगळा जाळावा. टायला ज्योत दाखवण्याचे काहीही कारण नाही.

‘चार इंच रुंदी म्हणजे 1940 चे दशक’ या वाक्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. त्या दशकाच्या अखेरीस टाय खरोखरच तेवढे रुंद होते आणि 1960 च्या सुमारास ते दोन इंचांपर्यंत निमुळते झाले. मात्र 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या मायकेल फिश यांनी रुंद ‘किपर’ टाय आणला आणि 1970 च्या दशकात तीच रुंदी सर्वत्र दिसू लागली. म्हणून रुंदीबरोबर लांबीही मोजावी: विजारी कमरेच्या बऱ्याच वर नेसल्या जात असल्यामुळे जुने टाय आजच्यापेक्षा आखूड असत.

लेबलावर धाग्याची टक्केवारी असणे ही जुनेपणाची खूण आहे, हा दावा तर उलटाच आहे. धाग्यांचे प्रमाण लेबलावर देणे बंधनकारक करणारा अमेरिकेचा कायदा 1958 मध्ये संमत झाला आणि 3 मार्च 1960 पासून लागू झाला. त्यामुळे अमेरिकी टायवर अशी टक्केवारी दिसली, तर तो बहुधा त्यानंतरचा असतो. आजोबांच्या टायवर केवळ दुकानाचे नाव आहे.

शांपूने धुण्याचा सल्लाही पाळू नये. टायचे कापड शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसे तिरके कापलेले असते आणि आत बहुधा लोकरी पट्टी असते. पाण्याने ती आटते आणि टाय कायमचा पिळवटतो.

आत्याने तो बोचक्यातून परत काढला आहे. मागच्या टोकाचा बोटभर भाग गेला असून उरलेला टाय मलमलीत सैल गुंडाळून ठेवला आहे.