गावठी गाय आणि डेन्मार्कचा कर

यंदा दिवाळीनंतर आमच्या वाडीतील शेवटची बैलजोडी विकली गेली. राजापूर तालुक्यातील सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेला वसलेल्या या वाडीत माझ्या लहानपणी गोठा नाही असे घर नव्हते. आज बावीस घरांपैकी तीन घरांत गुरे उरली आहेत आणि ती सांभाळणारी सगळी माणसे साठी ओलांडलेली आहेत. त्यामुळे पशुपालनाच्या भवितव्याविषयी वाचताना श्रीमंत देशांचे दुखणे आणि त्यावरचा जनावरे कमी करण्याचा उपाय सरसकट आमच्याही माथी मारला जात आहे, असे मला तीव्रतेने वाटते.

नेदरलँड्समध्ये दुसऱ्या खंडातून आणलेल्या सोयाबीनवर इतकी गुरे आणि डुकरे पोसली गेली, की त्यांचे शेण-मूत्र तिथल्या जमिनीला पेलवेना. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यातून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणाच्या परवान्यांची पद्धतच रद्द ठरवली, त्यानंतर सरकारने पैसे देऊन गोठे बंद करण्याच्या योजना आणल्या आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. डेन्मार्कने 2030 पासून जनावरांपासून निघणाऱ्या मिथेनसारख्या, हवामान तापवणाऱ्या वायूंवर कर लावण्याचे ठरवले आहे. त्यांच्या परिस्थितीत हे निर्णय मला योग्यच वाटतात, कारण जिथे शेणाची अडगळ झाली आहे तिथे जनावरे कमी करावीच लागतील.

आमच्याकडे मात्र कलमांना घालायला शेणखत मिळत नाही. पावसाळा सरला की घाटावरून खताचे ट्रक येतात, दूधही तिकडूनच पिशवीतून येते, आणि सड्यावरचे गवत कोणी कापत नाही म्हणून फाल्गुन-चैत्रात वणव्यात जळते. त्या वणव्यात दरवर्षी कोणाची ना कोणाची काजूची बाग होरपळते. गुरे चरायला जात होती तेव्हा हेच गवत उडवीत रचून पावसाळ्याची बेगमी होत असे.

गाई का गेल्या, याचे एक कारण मी घरातच पाहिले आहे. वडिलांनी कर्ज काढून एक संकरित गाय आणली होती. ती दिवसाला बारा लिटर दूध देईल असे सांगण्यात आले होते आणि पहिल्या हिवाळ्यात तिने ते दिलेही. मे महिन्याच्या दमट उकाड्यात ती जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली, तेव्हा आई दुपारभर तिच्या पाठीवर ओली गोणपाटे बदलत बसायची. पावसाळ्यात कानाच्या आतल्या बाजूला आणि कासेच्या सांध्यात गोचिडांचे घोस दिसू लागले, मग ताप चढला, डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत दोन दिवस गेले आणि गाय गेली. कर्जाचे हप्ते पुढे चार वर्षे चालू होते.

त्याच गोठ्यातली गावठी गाय दिवसाला दोन-अडीच लिटरच दूध द्यायची, पण ऊन, पाऊस आणि डोंगर चढणे तिला बाधत नसे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मात्र 2019 च्या पशुगणनेत देशभरातील देशी गुरांची संख्या 2012 च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटली आणि संकरित गुरांची वाढली.

कमी दूध देणाऱ्या गाईमागे लिटरला मिथेन अधिक पडतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण केवळ दुधाच्या मापाने मोजले तर तिचे शेण, तिने राखलेला सडा आणि तिचे नांगराला जुंपलेले बैल हिशेबात येतच नाहीत. बैलांचा प्रश्न अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे: पॉवर टिलर आल्यावर त्यांना काम राहिले नाही आणि 2015 पासून राज्यात त्यांच्या कत्तलीवर बंदी असल्याने म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईकही नाही, म्हणून महामार्गावर मोकाट गुरे वाढली आहेत. कायदा राखायचा असेल, तर त्या बैलाच्या चाऱ्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. शासनाने संकरित गाईच्या खरेदीला द्यायचे तेच अनुदान कपिलेच्या निवडक वळूंना आणि शेणखताच्या खरेदीला द्यावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

शेजारच्या काकूंच्या दोन गाईंपैकी एक माघात विणार आहे. कालवड झाली तर ती मी नेणार, असे त्यांना सांगून ठेवले आहे आणि या आठवड्यात गोठ्यावर नवी कौले चढवली आहेत.