‘आमच्या राजाला काही झालं नाही’ : लालबागच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

कुत्र्या-मांजरांसाठी घरी करायच्या खाऊवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमच्या चाळीतला राजा नावाचा कुत्रा मटणाचा रस्सा-भात, शिळी पोळी आणि सत्यनारायणाचा शिरा खाऊन तेरा वर्षं जगला. कांदा-लसूण नको, बेदाणे नकोत, हे सगळं बाहेरच्या देशांतलं वाचून घातलेलं भय आहे. वेगळा खाऊ करणं म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. आणि शेवटी, ‘मग द्यायचं तरी काय?’

राजा तेरा वर्षं जगला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो का जगला, हेही सांगता येतं. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. राजा २० किलोचा होता असं धरलं, तर एका वेळी निदान ३०० ग्रॅम कांदा हवा. भातावर ओतलेल्या रश्श्यात तेवढा येत नाही. पण तोच रस्सा ३ किलोच्या पॉमेरेनियनला दिला तर ४५ ग्रॅम कांदाही खूप झाला, आणि मांजराला तर किलोमागे ५ ग्रॅम पुरतो. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, कांद्याच्या एक-दोन फोडी. शिवाय थोडाथोडा कांदा रोज पोटात जात राहिला तरी इजा होते. कांदा शिजवला, तळला, वाळवून पूड केली तरी त्यातला दोष जात नाही, म्हणून सूपच्या आणि नूडल्सच्या तयार मसाल्याच्या पुड्याही नकोत.

‘काही झालं नाही’ असं आपल्याला वाटतं याचं मुख्य कारण म्हणजे हा त्रास उशिरा दिसतो. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या रक्तपेशींना इजा करतात आणि पेशी फुटत जातात. त्यात दोन-चार दिवस सहज जातात. रविवारी मटण झालं, बुधवारी कुत्रं सुस्त पडलं, हिरड्या पांढुरक्या झाल्या, लघवी गडद झाली. तेव्हा रविवारचा रस्सा घरात कोणाला आठवतो? ‘म्हातारं झालंय’, ‘ऊन बाधलं’ म्हणून विषय संपतो. जगलेला राजा सगळ्या चाळीच्या लक्षात राहतो, पण जी गेली ती कशाने गेली हे कोणी पाहिलेलंच नसतं. मला काळजी आहे ती त्यांची.

बेदाण्यांबाबत मी जास्तच कडक आहे. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. कोणतं कुत्रं किती बेदाण्यांनी आजारी पडेल ते आधी सांगता येत नाही, एखाद्याला काहीच होत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. हे आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं. तेव्हा प्रसादाचा शिरा आणि चिंच-गुळाची आमटी, दोन्ही ताटाबाहेर. यात देशी-परदेशी काही नाही हो काका, कुत्र्याचं मूत्रपिंड लालबागमध्येही तेच काम करतं.

आता द्यायचं काय. पोळी-भात विष नाही आणि घरचं अन्न वाईट असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वाटा फोडणीच्या आधी काढायचा, एवढीच माझी विनंती आहे. घरी चिकन आणलं की मॅरिनेट करण्याआधी बिनहाडाचे दोन-तीन तुकडे बाजूला ठेवा. मीठसुद्धा न घालता साध्या पाण्यात पूर्ण शिजवा, गार झाल्यावर बोटांनी रेषा सुट्या करा. झाला खाऊ. उरलेलं पाणी त्याच्या भातावर घाला, ते चाटूनपुसून खातात. हाडं मात्र नकोत. शिजलेलं हाड चावलं की त्याच्या टोकदार चिपा होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

कुत्र्यासाठी आणखी एक. लाल भोपळा वाफवून कुस्करा, त्यात एक अंडं आणि मावेल तेवढं नाचणीचं पीठ घाला. घट्ट गोळा झाला की पातळ थापून तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून खरपूस भाजा, वर झाकण ठेवा म्हणजे आतून कच्चं राहत नाही. मग कात्रीने नखाएवढे तुकडे करा. गूळ, साखर, मीठ काही नको. यात चोचले कुठले? पुडीतल्या बिस्किटांपेक्षा हे स्वस्तच पडतं.

मांजराला हे पिठाचं देऊ नका. मांजर पक्कं मांसाहारी आहे, त्याला गोड चवच कळत नाही, आणि त्याचं जनुकीय कारण २००५ साली सापडलंय. त्याला चिकनच्या रेषा, नाहीतर काटे काढलेला उकडलेला मासा. सुकी मासळी द्यायचीच तर खारवलेली नको. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. कलेजी आठवड्यातून एखादा छोटा तुकडा, कारण तीच रोज दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन हाडं बिघडतात.

आणि खाऊ म्हणजे जेवण नव्हे. दिवसाच्या कॅलरींपैकी फार तर दहा टक्के. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला २०, तेवढ्यात शिजवलेलं चिकन १२ ग्रॅमच बसतं. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर वाढवू नका. टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक द्रव्य) कमी पडलं की मांजराचं हृदय कमजोर होतं, हे १९८७ साली सिद्ध झालंय.

हे खाऊ फ्रिजमध्ये फार तर तीन दिवस ठेवा, पावसाळ्यात तासभरही ओट्यावर राहू देऊ नका. बुरशीचा ठिपका दिसला तर सगळंच टाका.

चुकून बेदाणे किंवा कांदा पोटात गेलाच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्या मिठानेही जीव जाऊ शकतो. त्रास दिसायची वाट न बघता थेट डॉक्टरकडे न्या. तुम्हाला तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल जवळच आहे. काय खाल्लं, किती आणि केव्हा, ते कागदावर लिहून सोबत घ्या.

सध्या तुमच्याकडे कुत्रं असेल तर त्याचं वय आणि वजन कळवा. रोज किती तुकडे चालतील, त्याचा हिशेब मी इथेच लिहून देते.