इसा बोलेतिनी सुलतानाचे जन्मजात वैरी नव्हते

तेव्हा तुर्की (ऑटोमन) साम्राज्यात असलेल्या कोसोवोतील अल्बेनियन राष्ट्रवादी सेनानी इसा बोलेतिनी (१८६४–१९१६) यांच्या छायाचित्राखाली एक मजकूर नेहमी पुढे पाठवला जातो. त्यात म्हटलेले असते की, ते आयुष्यभर तुर्कांशी लढले, स्वतंत्र अल्बेनिया हेच त्यांचे पहिल्यापासूनचे ध्येय होते, २८ नोव्हेंबर १९१२ रोजी अल्बेनियातील व्लोरा येथे स्वातंत्र्याचा झेंडा उभारला गेला तेव्हा ते स्वातंत्र्य घोषित करणारे नेते इस्माइल केमाली यांच्या शेजारी उभे होते, आणि अखेर रणांगणात त्यांना वीरमरण आले. बोलेतिनी यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हा मजकूर खटकतो.

आयुष्यभराच्या वैराची गोष्ट तर सरळसरळ चुकीची आहे. कोसोवोतील मित्रोवित्सा येथे रशियाचा वाणिज्यदूत नेमण्यास बोलेतिनी यांनी १९०२ साली कडवा विरोध केला, तेव्हा सुलतान दुसरा अब्दुलहमीद याने त्यांना इस्तंबूलला बोलावून घेतले आणि आपल्या अल्बेनियन अंगरक्षकांचे प्रमुखपद दिले. तेथे त्यांनी काही वर्षे काढली. त्यांचे खरे भांडण जुंपले ते १९०८ नंतर सत्तेवर आलेल्या यंग तुर्कांशी, म्हणजे सुलतानाच्या एकतंत्री कारभाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या तुर्की सुधारकांच्या गटाशी. नवे कर, सक्तीची सैन्यभरती आणि लोकांची शस्त्रे काढून घेण्याची मोहीम यांमुळे कोसोवो पेटले. बोलेतिनी यांचा कुला, म्हणजे जाड दगडी भिंतींचा आणि बंदुकीची नळी मावेल एवढ्याच खिडक्यांचा बुरुजवजा वाडा, सरकारी फौजेने जाळला. १९१० च्या उठावात ते आघाडीवर होते, त्यामागे हे सारे होते.

‘पहिल्यापासून स्वातंत्र्य’ हेही असेच. १९१२ च्या उन्हाळ्यात बंडखोर स्कोप्येपर्यंत पोहोचले, तेव्हा उठावाचे एक नेते हसन प्रिश्तिना यांनी तुर्की सरकारपुढे ठेवलेल्या चौदा मागण्यांत अल्बेनियन भाषेच्या शाळा, स्थानिक भाषा जाणणारे अधिकारी आणि शांततेच्या काळात आपल्याच प्रदेशात लष्करी सेवा अशा बाबी होत्या. साम्राज्यातून फुटून निघण्याची मागणी नव्हती. त्याच उठावासाठी सर्बियाकडून गुपचूप शस्त्रे आली होती, आणि काही महिन्यांतच, ऑक्टोबरात, तुर्की साम्राज्याविरुद्धचे पहिले बाल्कन युद्ध सुरू होताच, त्याच सर्बियाची फौज कोसोवोत शिरली. तुर्की साम्राज्याच्या छत्राखाली राहून काही मिळवण्याची वाट त्या युद्धाने बंद केली. सुलतानाच्या पदरचा माणूस स्वतंत्र राष्ट्राचा सैनिक झाला तो या घडामोडींतून, आणि त्यांच्या चरित्राचा हाच गाभा पुढे पाठवलेल्या मजकुरातून गळून पडतो.

व्लोरा येथे बोलेतिनी आपल्या माणसांसह पोहोचले ते घोषणा झाल्यानंतर. त्याने त्यांचे मोल उणे होत नाही, कारण नव्या सरकारला सर्वाधिक गरज होती ती बंदूकधारी माणसांचीच. १९१३ मध्ये केमाली यांच्याबरोबर ते लंडनलाही गेले. ब्रिटिश परराष्ट्र कार्यालयात शिरताना त्यांनी कमरेचे पिस्तूल काढून दिले, आणि परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी ‘अखेर तुमची शस्त्रे उतरली’ अशा अर्थाचे काही म्हणताच दुसरे पिस्तूल बाहेर काढले, हा किस्सा फार लोकप्रिय आहे; तो आख्यायिका म्हणूनच सांगावा. बाल्कनच्या सीमा ठरवणाऱ्या बड्या युरोपीय राष्ट्रांच्या लंडन परिषदेने कोसोवोचा मोठा भाग सर्बियाकडेच ठेवला, हे मात्र कागदोपत्री नोंदलेले आहे, आणि त्या मजकुरात ते कोठेच नसते.

राहिला मृत्यूचा प्रश्न. बोलेतिनी यांना माँटेनेग्रोच्या अधिकाऱ्यांनी पोडगोरित्सा येथे स्थानबद्ध केले होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रो-हंगेरियन फौज जवळ येत असताना, २३ जानेवारी १९१६ रोजी, त्या शहरातच झालेल्या गोळीबारात ते आणि त्यांचे काही नातलग मारले गेले. त्यांचे अवशेष कोसोवोत परत आले ते २०१५ साली, जवळजवळ शंभर वर्षांनी.