पुठ्ठ्याआडची माणसं

वाचनालयात लेखकाचं नाव सांगावं, पुस्तकाचं नाव सांगावं, दोन्ही आठवत नसेल तर "तो पेशव्यांवरचा जाडा ठोकळा" असं सांगावं. काउंटरवरच्या बाई तेवढ्यावरूनही बरोबर काढून देतात. चित्रकाराचं नाव मात्र सांगू नये.

"सरवट्यांचं काही आहे का?" मी एकदा विचारलं.

"कोणते सरवटे?"

"वसंत सरवटे."

बाईंनी दोन बोटांनी नाव टाइप केलं. "आहे की. व्यंगचित्रांचं आहे. देऊ?"

"ते झालंय बघून. त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांना चित्रं काढलीत, ती पुस्तकं हवी होती."

"पण लेखक कोण?"

"कुणीही चालेल."

हे ऐकून माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आजींनी हातातली कादंबरी छातीशी घट्ट धरली. बाईंनी चष्मा काढला. लेखक कुणीही चालणारी माणसं वाचनालयात नसतात असं नाही, पण ती दुपारी पेपर तोंडावर घेऊन पंख्याखाली झोपलेली असतात. काउंटरपर्यंत येत नाहीत.

बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या कॉम्प्युटरला चारच गोष्टी विचारता येतात: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि विषय. चित्रकार हा रकानाच नाही. आता द. ग. गोडसे घ्या. त्यांनी 'मस्तानी' हे पुस्तक लिहिलं, म्हणून कॉम्प्युटर त्यांना ओळखतो आणि इतिहासाच्या कपाटात त्यांना मानाची जागा आहे. त्याच गोडशांनी मुखपृष्ठं केली, नाटकांची नेपथ्यं केली, त्याचा मात्र कॉम्प्युटरला पत्ता नाही. म्हणजे चित्रकाराला आमच्या वाचनालयात शिरायचं तर आधी स्वतःचं पुस्तक काढायला हवं. सरवट्यांनी तेही केलं, आणि वर ए.सी.सी. कंपनीत इंजिनिअरची नोकरीही सांभाळली. आणखी काय करायला हवं होतं माणसाने?

हा नाद मला 'चांदोबा'ने लावला. हट्ट न सोडता विक्रम राजा झाडाकडे परतला, प्रेत खांद्यावर टाकलं आणि स्मशानाची वाट धरली. गोष्ट वाचायची मला फारशी घाई नसे, कारण शेवटी वेताळ परत झाडावरच जाऊन बसणार हे ठरलेलं. मी आपला चित्रच बघत बसे. राजाच्या मिशा, तलवार, पायाशी पडलेल्या कवट्या. राजा आपल्याच बाजूचा, फार तर सातारा-कऱ्हाडकडचा असेल, याबद्दल मला शंका नव्हती. पुढे कळलं की राजा मद्रासचा. के. सी. शिवशंकरन नावाच्या चित्रकाराने तिथे बसून काढलेला हाच वेताळ तमिळ मुलांनाही झोपू देत नव्हता आणि तेलुगू मुलांनाही. इतक्या भाषांतून लोंबकळूनही त्याला काढणाऱ्याचं नाव आमच्या वर्गात एकाला माहीत असेल तर शपथ.

एकदा असं कळलं की मग डोकं ठिकाणावर राहत नाही. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकाकडे मी आपण होऊन कधी पाहिलं असेल, तर ते फक्त चित्रांपुरतं. ती चित्रं शि. द. फडणिसांची, हे समजलं तेव्हा बेरीज-वजाबाकीशी असलेला संबंध कॅल्क्युलेटरवर सोपवून मी मोकळा झालो होतो. हेच ते फडणीस, ज्यांनी १९५२ साली एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर मांजरांचा शर्ट घातलेला तरुण आणि उंदरांची साडी नेसलेली तरुणी शेजारी शेजारी उभी केली. खाली एक शब्द नाही. तो अंक आत काय होता, कुणाच्या कथा होत्या, हे आज किती जणांना सांगता येईल? मांजरं-उंदीर मात्र सगळ्यांना आठवतात.

हा नाद घरात किती महाग पडतो ते वेगळंच. रस्त्यावर जुनी पुस्तकं मांडून बसलेला विक्रेता दिसला की माझे पाय आपोआप थांबतात आणि हिचा हात आपोआप माझ्या कोपराला येतो.

"हे आपल्याकडे आहे."

"आपल्याकडे आहे ते नव्या आवृत्तीतलं. हे बघ, हे दलालांचं."

"आतली गोष्ट तीच ना?"

"गोष्ट तीच."

"मग?"

या 'मग'ला नवऱ्यांनी उत्तर देऊ नये. मी दिलं. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल, १९४५ पासून त्यांनी काढलेला 'दीपावली' अंक, त्यांच्या स्त्रियांचे डोळे... डोळ्यांपाशी आल्यावर ही म्हणाली, "कळलं." पुस्तक घेतलं. गोव्याचाच दुसरा हात, रघुवीर मुळगावकर, यांची मुखपृष्ठं मला त्याहून अवघड जातात. त्यांनी कॅलेंडरांसाठी देवादिकांची चित्रं काढली आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी पिस्तुलंही काढली. दोन्हीकडे चेहऱ्यावर तेज तेच. त्यामुळे अर्नाळकरांचा एखादा नायक दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला, तर संध्याकाळी आमच्या मावशी त्याला उदबत्ती ओवाळून जातील अशी मला रास्त भीती वाटते.

मुलगी आमच्यापेक्षा व्यवहारी. तिने घरातल्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर करायला घेतली. मी मागे उभा राहून म्हटलं, "ही जी 'मंगल' नावाची अक्षरं तू वापरतेस ना, ती र. कृ. जोशींनी घडवलेली आहेत. कवी होते, सुलेखनकार होते."

ती थांबली. "बाबा, आता फाँटचेही कलाकार?"

"नाटकाच्या जाहिरातीत नावाची अक्षरं बघतेस ना पेपरात? त्यातली कितीतरी कमल शेडग्यांची..."

यादी तिथेच राहिली. तिच्या मते यादीत 'चित्रकार' हा रकाना घातला तर बाबा प्रत्येक ओळीला अर्धा तास बोलतील. मुलगी हुशार आहे.

तरीही घरातली पुस्तकं निदान कपड्यांनिशी आहेत. वाचनालयातल्या पुस्तकांचं तसं नाही. तिथे बाइंडिंग नावाचा प्रकार असतो. कोरं पुस्तक येतं, चार वाचक ते पालथं घालून जेवायला बसतात, पाचव्याच्या हातात त्याचा कणा मोडतो आणि मग ते बाइंडरकडे जातं. बाइंडर पहिल्यांदा मुखपृष्ठ फाडतो. मग दोऱ्याने टाचून, खळ लावून, वर पुठ्ठा आणि रेक्झिन चढवून, तिन्ही बाजूंनी कापून देतो. कापताना पानांचे आकडे अर्धे गेले तरी चालतात, वाचकाने ते अंदाजाने मोजायचे. त्या वर्षी बाजारात जे रेक्झिन स्वस्त असेल त्या रंगाची त्या वर्षीची पुस्तकं. आमच्याकडे बाटलीहिरव्याचं एक मोठं पर्व होऊन गेलं. त्या पर्वातल्या रहस्यकथा, संतचरित्रं आणि अंडाविरहित केक गणवेश घालून प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे एका ओळीत उभे आहेत.

कण्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेलं असतं, पण जितकं मावेल तितकंच. एका कण्यावर 'मराठी रंगभूमीचा इ.' असं आहे. पुढचा 'तिहास' जागेअभावी रद्द. लेखकांची आडनावंच फक्त बसतात, त्यामुळे एका फळीवर सलग 'कुलकर्णी, कुलकर्णी, कुलकर्णी' आहेत आणि त्यातला कोणता कुलकर्णी विनोदी हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. कधी कधी आत शिरल्यावरही कळत नाही.

फाडलेली मुखपृष्ठं जातात कुठे, हा प्रश्न मला झोपू देईना. बाईंनी बाइंडरकाकांचा पत्ता दिला. माझी पीडा दुसऱ्याकडे जाते आहे, हा आनंद त्यांनी लपवला नाही.

काकांचं दुकान बोळात आहे. बाहेरूनच खळीचा वास येतो. खळीला कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात, त्याचा निळसर रंग काकांच्या नखांत कायमचा बसलेला आहे. मी हेतू सांगितला.

"कव्हरं?" काकांनी हातातला चाकू खाली ठेवला. "ती काय करायचीयत?"

"बघायचीयत. चित्रकारांची असतात ना."

"साहेब, जाड कागद असतो. कण्याला आतून अस्तर लागतं, त्यात जातात. उरली तर चहाच्या ग्लासावर झाकण." त्यांनी शेजारच्या ग्लासावरचं झाकण मला कौतुकाने दाखवलं. एका ऐतिहासिक कादंबरीतला घोडा होता. घोड्याच्या पोटावर ग्लासाची गोल कड उमटली होती.

"म्हणजे या सगळ्या पुस्तकांच्या कण्यात..."

"आहेत की. कुणाच्या तरी पोटात कुणीतरी आहे."

दुरुस्तीला आलेलं एक जुनं बाटलीहिरवं पडलेलं होतं. काकांनी माझा जीव घुटमळतोय हे पाहून त्याचा कणा सोलला. आतून एक अरुंद पट्टी निघाली. तिच्यावर एका बाईचा अर्धा डोळा होता, थोडं गुलाबी काहीतरी होतं आणि तळाला दोन अक्षरं: 'लाल'.

"काका, हे दलाल आहेत!"

काकांनी पट्टी उजेडात धरली. "लाल असं लिहिलंय. पण रंग तर गुलाबी दिसतोय." मग समजावणीच्या सुरात, "जुनी छपाई आहे, उडाला असेल."

मी ती पट्टी मागून घेतली. काका फुकट द्यायला तयार होते, पण मी दिलेले पैसे पाहून त्यांचा माझ्याकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला. त्यांनी मला स्टूल दिलं, घोडा बाजूला करून चहा दिला आणि धंद्यातलं ज्ञान दिलं. पुस्तक किती वाचलं जातं हे त्यांना समीक्षकांपेक्षा नेमकं कळतं, कारण ते कणा बघतात. रहस्यकथा वर्षाच्या आत येते. पाककृतींच्या पानांना तेल लागलेलं असतं, खळ धरत नाही. आत्मचरित्रं पहिल्या शंभर पानांपर्यंतच खिळखिळी होतात, पुढे कोरी.

"आणि कविता?"

काका हसले. "कविता अजून आली नाही माझ्याकडे. वडिलांच्या वेळीही आली असेल तर ठाऊक नाही."

मी चहा अर्धा टाकून उठलो. कविता बाइंडिंगला येत नाहीत, म्हणजे कवितासंग्रहांची मुखपृष्ठं जागेवर आहेत! वाचनालयाच्या टोकाला, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर जे कपाट आहे, तिथे सगळं शाबूत असणार. आणि होतं. धुळीखाली रंग जसेच्या तसे. एकेक संग्रह काढून आतलं श्रेयाचं पान बघत मी जमिनीवरच फतकल मारली. सुभाष अवचट सापडले, चंद्रमोहन कुलकर्णी सापडले. काही ठिकाणी मुद्रकाचा संपूर्ण पत्ता पिनकोडसकट होता आणि चित्रकाराच्या नावाचा मागमूस नव्हता, ती पुस्तकं मी रागाने परत ठेवली. बाकीची घरी नेऊ लागलो.

इथे मी गोत्यात आलो. त्या कपाटातली पुस्तकं कुणी नेत नसे, त्यामुळे माझं नेणं लपून राहिलं नाही. आमच्या गावात कवी पुष्कळ, वाचक एक, अशी परिस्थिती होती आणि तो एक आता मी झालो होतो. बाईंनी आधी काळजीने विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" पुढच्या आठवड्यात कविमंडळाचे दोघे जण दारात उभे. महिन्याच्या बैठकीला रसिक म्हणून बोलावणं होतं.

बैठकीत मी एकटाच कवी नसलेला निघालो. म्हणजे ऐकणारा मीच. प्रत्येकाने माझ्याकडे बघून वाचलं. कोजागिरीवर चार झाल्या, आईवर सहा, आणि एक प्रदीर्घ रचना नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यावर होती, ती मला खरोखर आवडली. शेवटी एका ज्येष्ठ कवींनी आपला संग्रह सही करून हातात ठेवला आणि म्हणाले, "मोकळेपणाने सांगा. दुरूनच काय ओढून घेतं तुम्हाला यात?"

"मुखपृष्ठ," मी मोकळेपणाने म्हटलं. "फार सुरेख आहे. कुणाचं?"

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. "मेहुण्याने केलंय," ते म्हणाले. मेहुण्यांशी त्यांचं पटत नाही, हे मला बाहेर चपला घालताना कळलं.

तेव्हापासून बोलावणं बंद आहे. त्यामुळे हातात वेळ होता आणि मी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला रीतसर अर्ज दिला. मागणी एकच: पुस्तक बाइंडिंगला देताना मुखपृष्ठ फाडून न टाकता पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवावं, आणि दाखल नोंदवहीत चित्रकाराचं नाव लिहावं. विषय बैठकीत 'ऐनवेळचे विषय' या सदराखाली, सामोसे आल्यानंतर निघाला. अध्यक्षांनी विचारलं, "पण अर्जदाराला नेमकं वाचायचंय काय?" बाईंनी सांगितलं, "काहीही चालतं त्यांना." बाइंडरकाकांचं म्हणणं मागवलं होतं. त्यांनी प्रत्येक पुस्तकामागे जादा खळीचे पैसे मागितले आणि चहाच्या ग्लासांसाठी पर्यायी व्यवस्था मागितली.

बरीच चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर झाला. योजना पहिल्या टप्प्यात फक्त कवितासंग्रहांना लागू करायची. त्या विभागातलं एकही पुस्तक आजवर बाइंडिंगला गेलेलं नसल्यामुळे वाचनालयावर कोणताही आर्थिक बोजा पडणार नाही, हे खजिनदारांनी सभेच्या निदर्शनास आणून दिलं.