शिपायाच्या इशाऱ्यावर तिजोरी

आमच्या जिन्यात नवीन नोटीस लागलीये. "गच्चीवर व जिन्यात कोणीही अनधिकृत इलेक्ट्रॉनिक प्रयोग करू नयेत." कोणीही म्हणे! बिल्डिंगमध्ये सोल्डरिंग गन एकट्या माझ्याकडे आहे, मग सरळ नावच घालायचं की, शाई कशाला वाचवली.

झालं एवढंच, की आमची वरची टाकी रोज भरून वाहते, मोटारची पाळी ज्याची असेल तो सिरियल बघत बसतो आणि धार बरोबर माझ्या गाडीच्या सीटवर. म्हणून मी एक अलार्म केला. बीसी 547 चे दोन ट्रान्झिस्टर, एक बझर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि टाकीच्या तोंडाशी पोराच्या जुन्या लाकडी फूटपट्टीवर ठोकलेल्या दोन उघड्या तारा. पाणी तारांना टेकलं की बोंब. बास.

तर मी जिन्यात बझर लावत असताना पहिल्या मजल्यावरचे काका आले. बँकेतून रिटायर झालेत, पण चष्म्यावरून बघायची सवय रिटायर झालेली नाही.

"काय हे?"

"टाकीचा अलार्म, काका."

"ॲप कुठाय?"

"ॲप नाही. दोन ट्रान्झिस्टर आहेत."

"दोन का? एक जळला तर दुसरा स्पेअर?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला चेव आला. म्हटलं ही डार्लिंग्टन जोडी, एकाने वाढवलेला करंट दुसरा आणखी वाढवतो, अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या सिडनी डार्लिंग्टनला 1953 साली याचं पेटंट मिळालं. (तेवढ्यात वरून काकू उतरत होत्या, त्यांनी फक्त "डार्लिंग" ऐकलं आणि परत वर गेल्या.) काकांना कळावं म्हणून बँकेच्या भाषेत समजावलं. पाण्यातून येणारा करंट म्हणजे शिपाई, अगदी किरकोळ माणूस. तो पहिल्या ट्रान्झिस्टरला म्हणजे कारकुनाला खूण करतो, कारकून त्याच्या दोनशे पट जोरात मॅनेजरला सांगतो, मॅनेजर आणखी दोनशे पट, म्हणजे कागदावर चाळीस हजार पट, आणि तिजोरी उघडते. बझर वाजतो.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "शिपायाच्या खुणेवर तिजोरी?"

"काका, उदाहरण आहे ते."

"उदाहरण असूदे. सही कुणाची? उद्या शिपाई नुसता शिंकला तर?"

"ट्रान्झिस्टर शिंकत नाही ओ."

"कारकून विचारत नाही, मॅनेजर विचारत नाही, ही कुठली ब्रँच? आमच्यावेळी इन्स्पेक्शनला सस्पेंड झाले असते दोघं. आणि फूटपट्टी लावलीस तर माप कुठाय? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला बघ, पाणी 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. तुझ्या टाकीची इशारा पातळी काय?"

मी मनात हसलो. हे आता जड जातंय लिहायला.

कारण परवा रात्रभर पाऊस, फूटपट्टी भिजली. ओलं लाकूड करंट सोडतं, अगदी थोडा, एखादा मायक्रोॲम्पियर, म्हणजे ॲम्पियरचा दहा लाखावा भाग. त्याला गुणिले चाळीस हजार करा. रात्री तीन वाजता टाकी अर्धी रिकामी असताना बझर जो सुटला तो थांबेना. आणि ही सांगली आहे. इथं पावसाळ्यात रात्री भोंग्यासारखं काही वाजलं की माणूस आधी कागदपत्रांची पिशवी उचलतो, 2019 ला आयर्विनवर पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, कोण विसरलंय? तळमजल्यावरचे लोक गाद्या घेऊन वर, तिसऱ्या मजल्यावरचे गाड्या हलवायला खाली, जिन्यात दोन्ही पार्ट्या अडकल्या, मध्ये मी बनियनवर बॅटरी उपटतोय आणि काका टॉर्च माझ्या तोंडावर मारून शांतपणे म्हणतायत, "शिंकला का?"

वाईट याचं वाटतं की त्या माणसाला ट्रान्झिस्टरचे पाय, बेस आणि कलेक्टर, यांतला फरक माहीत नाही आणि तरी त्याचंच खरं निघालं. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून, म्हणजे शिपाई खूण करतो त्या पायापासून, बॅटरीच्या निगेटिव्हला 470 के (किलो-ओहम) चा एक रेझिस्टर टाकला असता तर असला चोरटा करंट तिथूनच परस्पर गेला असता, कारकुनापर्यंत पोचलाच नसता. रुपयाभराचा रेझिस्टर. आळस केला. लाकडाऐवजी प्लास्टिकची पट्टी घेतली असती तरी भागलं असतं.

पण म्हणून नोटीस? दोन ट्रान्झिस्टर काय काय करतात यांना कल्पना तरी आहे का. गणपतीत यांच्याच पोरांना मी आलटून पालटून लुकलुकणारे दिवे करून दिलेत, तेही दोनच ट्रान्झिस्टर, एक चालू झाला की दुसऱ्याला बंद पाडतो, मग दुसरा पहिल्याला, सोसायटीच्या दोन गटांसारखं. जरा वेगळे जोडले तर तेच दोघं एक गोष्ट लक्षात ठेवतात, चालू का बंद, सप्लाय असेपर्यंत विसरत नाहीत. आमच्या सेक्रेटरींना मोटार चालू का बंद एवढंही राहत नाही लक्षात. नोटीस मात्र दुसऱ्याच दिवशी, लॅमिनेट करून.

आज सकाळी साडेसातला टाकी परत वाहायला लागली. वीस मिनिटं झाली तरी मोटार बंद करायला कुणी नाही, माझी सीट भिजतीये. गॅलरीतून काका ओरडले,

"अरे, तुझा शिपाई कुठाय आज? रजेवर?"